टाकी मधोमध

टाकी किंचित लाइनमनच्या बाजूला सरकली, तशी सिस्टरने पुढचं वल्हं हलक्या हाताने मारलं.

पातं पाण्यात नेहमीइतकंच बुडलं, नेहमीसारखंच बाहेर आलं, त्यावरून पाणीही तेवढंच निथळलं. फक्त मधल्या ओढीत तिने खांद्यातला जोर काढून घेतला होता. बाहेरून पाहणाऱ्याला ते कळलं नसतं. शेजारी बसलेल्या माणसालाही नाही. होडी पुन्हा सरळ झाली आणि गावातली पांढरी पाण्याची टाकी होडीच्या मागच्या खुंटावर टोपीसारखी येऊन बसली.

"आज वारा नाही," लाइनमन म्हणाला.

"नाही."

"तरी वेळ लागणार."

"लागू दे. आपल्याला कुठे लग्नाला जायचंय?"

तो हसला, पण टाकीवरची नजर काही हलवली नाही.

ते एकाच फळीवर शेजारी शेजारी बसत, प्रत्येकाच्या हातात एक वल्हं. वल्हवणाऱ्याची पाठ जिकडे जायचं तिकडे असते, त्यामुळे मागे सुटणाऱ्या काठावरची एखादी खूण धरून होडी सरळ ठेवावी लागते. गावाकडून पलीकडच्या वस्तीकडे जाताना ही खूण म्हणजे टाकी. ती त्याच्या बाजूला सरकली तर तिचा जोर जास्त झालेला असे, तिच्या बाजूला सरकली तर त्याचा. सुरुवातीच्या दिवसांत जो मागे पडे त्याला दुसरा ओरडून सांगे, "ओढ की!" किंवा "अहो, ओढा की!" आणि मागे पडलेला ओढत असे. हे ओरडणं कधी बंद झालं ते दोघांपैकी कुणालाच सांगता आलं नसतं.

ती या भागातली नर्स होती आणि तिचा नवरा वीज खात्यात लाइनमन. दोघांनाही निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी नोकरीतली नावं त्यांना चिकटलेली होती. ती निवृत्त झाल्याचं गावाला कळलंच नव्हतं. टाके घालायला, रक्तदाब मोजायला लोक पूर्वीसारखेच येत. त्याचं मात्र अवघड झालं. वीज गेली की तो उठून चपला घालायचा, अंगणापर्यंत जायचा, मग आठवण होऊन परत यायचा आणि चपला काढायचा. तिने हे काही महिने पाहिलं. पुढे जुना होडीवाला मुलाकडे राहायला गेला, होडी काठावर उपडी पडून राहिली आणि वस्तीवरच्या मुलांची शाळा बुडायला लागली, तेव्हा एके सकाळी तिनेच त्याला म्हटलं, "चला, होडी सुलटी करू." तेव्हापासून तो वीज गेली तरी चपला शोधत नाही.

म्हणून तर त्याचा खांदा तिने जगापासून लपवून ठेवला होता. त्याच्यापासूनसुद्धा.

तरुणपणी खांबावरून पडून दुखावलेला तो उजवा खांदा. गेल्या हिवाळ्यात ती तापाने आजारी पडली, होडी काही दिवस बांधून राहिली. पुन्हा पाण्यावर आले त्या पहिल्याच सकाळी तिला त्याची ओढ ढिली वाटली. तो काही बोलला नाही, पण असल्या बाबतीत पुरुष बोलत नाहीत हे नोकरीत असताना तिने पुष्कळ पाहिलं होतं. तिने निदान केलं आणि उपचारही ठरवला. त्याच्या वल्ह्याइतकंच आपलं वल्हं ओढायचं, होडी सरळ ठेवायची. उन्हाळ्यात वल्ही रंगवायला सुताराकडे गेली तेव्हा ती एकटी जाऊन आली आणि त्याच्या वल्ह्याचं पातं तासून अरुंद करायला सांगून आली. पातं जितकं रुंद तितकं पाणी अडवतं. अरुंद केलं की खांद्याला तेवढाच आराम.

"यातलं अक्षर जरी बाहेर गेलं," तिने सुताराला बजावलं होतं, "तर पुढच्या वेळी बोट कापून आलास की बधिर न करता टाके घालीन."

सुतार हुशार निघाला. नुसतं एकच पातं अरुंद दिसलं तर लाइनमनला संशय येईल म्हणून त्याने तिचंही तासलं होतं. 'कडा कुजल्या होत्या' असं दोघांना सांगून मोकळा झाला. सिस्टरने मनातल्या मनात त्याला शाबासकी दिली होती.

आता म्हशीचा खडक बाजूने जात होता. पाण्याच्या साधारण मध्यावर म्हशीच्या पाठीसारखा वर आलेला काळा दगड. पूर्वी तो कधी आला आणि कधी गेला हे कळायचं नाही. हल्ली त्यावर बसलेला बगळा नीट बघून होत असे.

"संध्याकाळी अध्यक्ष येणारेय," लाइनमन म्हणाला.

"माहितेय."

"बघेल आणि ठरवेल, म्हणाला."

"काय ठरवायचं ते ठरवू दे." ती हे एवढ्या बेफिकिरीने म्हणाली की तिचं तिलाच खोटं वाटलं.

अध्यक्ष म्हणजे गावसमितीचा अध्यक्ष. काल तो अंगणात येऊन खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता. चहा नको म्हणाला तेव्हाच तिने ओळखलं, काहीतरी नकोसं बोलायला आलाय. शाळेची तक्रार आली होती. मुलांचा पहिला तास रोज अर्धा बुडतो. एक ठेकेदार इंजिनाची बोट आणायला तयार आहे. 'तुम्ही खूप केलंत, काका, आता आराम करा,' असं तो म्हणाला आणि लाइनमनने पायातल्या चपलांकडे पाहिलं.

"तू पायाळू जन्मलास," सिस्टर त्याला म्हणाली होती. "मीच ओढून काढलाय तुला. तेव्हापासून तुझं सगळं उलटंच. जे चाललंय ते थांबवायचं आणि जे नाही ते आणायचं."

"सिस्टर, चालत असतं तर कशाला आलो असतो?" अध्यक्ष नरमाईने म्हणाला होता.

होडी वस्तीच्या उतारावर टेकली. मुलं वाट पाहत उभी होती, कमरेला टायरच्या फुगवलेल्या ट्यूब अडकवून. ट्यूबशिवाय होडीत पाय नाही, हा लाइनमनचा नियम होता.

"आजी, आजपण उशीर," दोन वेण्यांची थोरली मुलगी म्हणाली. सगळे तिला मोठीच म्हणत. "बाई विचारतात, तुमची होडी आहे का गोगलगाय?"

"बाईंना म्हणावं, गोगलगाय नुसतं घर उचलते. आम्ही आख्खी वस्ती उचलतो."

मुलं हसत हसत चढायला लागली. तेवढ्यात वरच्या घरातून आक्कांची सून धावत आली, पदर खोचलेला, हात ओले.

"सिस्टर, आक्का पडल्या! पायरीचा पत्रा लागलाय पायाला. रक्त थांबत नाही."

सिस्टरची पिशवी होडीतच असायची. तिने ती उचलली, मुलांकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. आक्काच्या पायाला वेळ लागणार होता. शाळेला आज आणखी उशीर झाला तर अध्यक्षाला संध्याकाळी यायचीही गरज उरणार नव्हती.

"तुम्ही घेऊन जा मुलांना," ती म्हणाली. "मोठीला माझ्या वल्ह्यावर बसवा. आणि सावकाश. खांद्याला जपा."

"खांद्याला काय झालंय?"

"काही नाही. जपा म्हटलं."

तिने होडी ढकलून दिली आणि मागे न बघता चढ चढायला लागली. मागे बघितलं असतं तर पाय निघाला नसता.

आक्का ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. जखम लांब होती पण उथळ, रक्त दाखवण्यापुरतं जास्त. सिस्टरने पाणी मागवलं, जखम धुतली, औषध लावलं. आक्का एकीकडे कण्हत होती आणि दुसरीकडे सुनेला दूध उतू जात असल्याचं सांगत होती. तिचं नाक अजून शाबूत होतं.

सिस्टरचे कान मात्र पलीकडच्या काठावर होते. शाळेची पहिली घंटा इथपर्यंत ऐकू येते. हल्ली ती घंटा होते तेव्हा होडी म्हशीच्या खडकाजवळ असते. आज तर एकटा खांदा आणि एक शाळकरी पोर. खडकाच्या अलीकडेच असणार. तिने कापसाची घडी जखमेवर ठेवली, पट्टीचं टोक सोडवलं आणि मान वर केली.

खडकाजवळ होडी नव्हती.

तिने खडकाच्या अलीकडे पाहिलं, मग आजूबाजूला. मग पलीकडे. होडी पार पुढे गेली होती, जवळजवळ गावाच्या काठाला. वल्हवणाऱ्याचं तोंड इकडेच होतं, पण ओसरीच्या सावलीतली ती त्याला दिसणं शक्य नव्हतं. तो फळीच्या मधोमध बसला होता, दोन्ही वल्ही त्याच्याच हातात. दोन वेण्या होडीच्या टोकाला होत्या, दप्तर मांडीवर घेऊन. वल्ही एकदम वर येत होती, एकदम खाली जात होती आणि होडीच्या मागे पाण्यावर एक सरळ पांढरी रेघ उमटली होती, पट्टी लावून मारल्यासारखी.

घंटा झाली तेव्हा मुलं उतारावरून वर पळत होती.

"म्हाताऱ्याला आज काय झालंय?" आक्काने डोळ्यांवर हात धरून विचारलं. "मागे कुत्रं लागलंय का?"

"एकटाच आहे तो," सिस्टर म्हणाली.

"मग बरोबर. आमचे हे पण तसेच. एकटे निघाले की तरातरा. मी बरोबर असले की दर दहा पावलांना थांबायचे, चपलेतला खडा काढायला. आयुष्यभर खडे काढले, पण मला एकदाही म्हणाले नाहीत की तू हळू चालतेस."

सिस्टरच्या हातातली पट्टी तशीच लोंबत राहिली.

दुखऱ्या खांद्याचा माणूस असं वल्हवत नाही. ओढ सुरू करताना तो खांदा वर उचलतो, शेवटाला कोपर आत घेतो. तिथे तसलं काहीच दिसलं नव्हतं. हिवाळ्यापासून तिने त्याची ओढ ढिली पडलेली पाहिली होती, आणि ते खरं होतं. लक्षण बरोबर होतं. रोगी चुकला होता.

तापातून उठून ती पहिल्यांदा होडीत बसली ती सकाळ तिला आठवली. पाय लटपटत होते, आणि ते त्याला कळू नये म्हणून ती उगाच बडबडत होती. त्या दिवशी ती ओढू शकत नव्हती. त्याने टाकी आपल्यापासून सरकताना पाहिली असणार आणि न बोलता हात सैल सोडला असणार. ती पुढे बरी झाली. पण तोवर तिने त्याचा सैल हात पाहिला होता.

तिने पट्टीचा वेढा घेतला. मग दुसरा. मला जपतो? मला? विहिरीवरून दोन बादल्या आणणारीला? तिसरा वेढा.

"अगं बाई, पाय आहे तो," आक्का ओरडली. "गोणी नाही शिवायची!"

"चुकलं," सिस्टर म्हणाली आणि गाठ सैल केली. गाठ सैल करता करता तिला दुसरी गोष्ट सुचली, आणि राग जिथल्या तिथे विरला. आपणही तेच करत होतो की. त्याने थोडं कमी केलं, टाकी सरकली, मग तिने कमी केलं. एखादा दिवस वाऱ्याने होडी वळली, ज्याला वाटलं आपला जोर जास्त झाला त्याने आणखी कमी केलं. वाढवायचं कुणीच नाही, कारण वाढवणं म्हणजे दुसऱ्याला त्याचं कमीपण दाखवणं. असे दोघं मिळून एकेक पायरी उतरत आले होते, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण दुसऱ्याचा हात धरून त्याला जपून उतरवतोय. होडी मात्र सगळा वेळ अगदी सरळ जात होती.

तिला हसू आलं. ते तिने खोकल्यात लपवलं.

"हसायला काय झालं?" आक्का म्हणाली.

"काही नाही. दोन दिवस पाय ओला करू नका."

तो तिला न्यायला आला तेव्हा कपाळ कोरडं होतं. पण शर्टाची पाठ चिकटलेली होती.

"जमलं?" तिने विचारलं.

"जमलं की."

"मोठीने मारलं ना माझं वल्हं?"

"हो तर." त्याने दोर गुंडाळायला घेतला. "पोरीच्या हातात जोर आहे चांगला."

"आहे खरा," सिस्टर म्हणाली आणि आपल्या जागेवर बसली.

परतताना ती टाकीसारखी दुसरी खूण, वस्तीवरचं एकटं झाड, बघत राहिली नाही. तिने त्याच्या मनगटाकडे पाहिलं. शिरा वर आलेल्या नव्हत्या. वल्ह्याचा दांडा त्याने चहाच्या कपासारखा धरला होता. बगळा अजून खडकावरच होता. त्याने मान वळवून त्यांना जाताना पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटले.

दुपारी तो ओट्यावर कुणाचातरी पंखा उघडून बसला, तेव्हा ती सुताराकडे गेली. सुतार दाराच्या चौकटीला रंधा मारत होता. तिला पाहताच त्याने आधी आपली बोटं तपासली.

"बोटांसाठी नाही आले," ती म्हणाली. "यांच्या वल्ह्याचं पातं पूर्वीसारखं रुंद करून दे. नवीन घाल हवं तर."

सुताराने रंधा खाली ठेवला. "आणि तुमच्याचं?"

"माझ्याचं काय? ते तू नुसतं जोडीला जोडी दिसावं म्हणून तासलं होतंस."

"मी उगाच लाकूड तासत नाही, सिस्टर."

तो कानामागची पेन्सिल काढून बघत राहिला, तिला टोक आहे की नाही हे आत्ताच ठरवायचं असल्यासारखा. मग म्हणाला, "तुम्ही आलात त्याच्या आदल्या दिवशी काका येऊन गेले होते."

"कशाला?" तिने विचारलं.

"म्हणाले, सिस्टरच्या वल्ह्याचं पातं जरा बारीक कर. ताप येऊन गेल्यापासून तिला झेपत नाही, पण ती कबूल करायची नाही. आणि तिला कळलं तर तुझ्या मशीनची वायर काढून घरी घेऊन जाईन." सुताराने दोन्ही हात पसरले. "एकीकडे टाके, दुसरीकडे वायर. मी काय करणार? माझं काम लाकडाचं, तोंडाचं नाही."

"पण एकदाही तुला वाटलं नाही, सांगावं?"

"वाटलं की. रोज संध्याकाळी काठावर उभा राहून बघायचो. म्हटलं, होडी वाकडी गेली की सांगू." तो ओशाळून हसला. "पण ती कधी वाकडी गेलीच नाही."

सिस्टर बाजूच्या अर्धवट खुर्चीवर बसली. खुर्चीला अजून पाठ लावायची होती, त्यामुळे तिला सरळ बसावं लागलं. जमिनीवर भुशाचे कुरळे वळसे पडले होते. त्यातला एक तिने उचलला, सरळ करून पाहिला, सोडला. तो पुन्हा गोल झाला.

"दोन्ही कर," ती म्हणाली. "आधी होती तशी."

"आज नाही व्हायची. लाकूड वाळलेलं शोधायला हवं."

"आज कोण म्हणतंय? आज आहेत त्यावर भागवू." ती उठली. "आणि यांना सांगू नकोस."

"पुन्हा तेच?" सुतार म्हणाला.

संध्याकाळी अध्यक्ष वेळेआधीच काठावर आला. लाइनमनने त्याच्या हातात ट्यूब दिली. त्याने ती काखेत धरली.

"कमरेला," लाइनमन म्हणाला.

"काका, मी समितीचा..."

"पाणी समितीला ओळखत नाही."

मुलं तोंड दाबून हसली. अध्यक्ष ट्यूब चढवून होडीच्या मागच्या बाजूला, खुंटाशेजारी, दोघांकडे तोंड करून बसला आणि वेळ बघायला मोबाइल काढून मांडीवर ठेवला. सिस्टरने तो मोबाइल पाहिला. लाइनमनने पाहिला नाही. तो टाकीकडे बघत होता. पण दांड्यावर त्याची बोटं सारखी जागा बदलत होती.

दोर सुटला. पहिल्या काही ओढी रोजच्यासारख्या झाल्या. खुंट, खुंटाच्या डोक्यावर टाकी, बाजूला अध्यक्षाचा गंभीर चेहरा. काठावर, जरा लांब, सुतार हात बांधून उभा होता.

सिस्टरने पाय समोरच्या आडव्या लाकडाला रोवले, पाठ मागे टाकली आणि वल्हं आख्खं ओढलं.

टाकी त्याच्या बाजूला सरकली.

लाइनमन थांबला नाही, पण त्याने वाट पाहिली. आता ती कमी करेल. तिने कमी केलं नाही. तिने पुन्हा तेवढंच ओढलं. टाकी अध्यक्षाच्या कानाला जाऊन टेकली.

"अगं," लाइनमन हळूच म्हणाला.

पुन्हा एक ओढ. टाकी अध्यक्षाच्या डोक्यामागे गेली आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आली.

"अगं, टाकी."

"दिसतेय मला."

"मग?"

"मग ओढा की," सिस्टर म्हणाली.

कित्येक दिवसांत त्याने हे शब्द ऐकले नव्हते. त्याने टाकीवरची नजर काढली आणि तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, हातांकडे. मनगटावर वर आलेल्या शिरांकडे, दांड्यावर पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे. मग तिच्या श्वासाकडे कान दिला. श्वास जोरात होता, पण अडखळत नव्हता. होडी एका बाजूला वळतच चालली होती. अध्यक्षाने होडीची कड धरली होती.

लाइनमनने पाय रोवले.

पहिल्या ओढीला टाकी अध्यक्षाच्या डोक्यामागून परतली. दुसरीला खुंटाजवळ आली. तिसरीला ती मधोमध बसली, आणि आता कमी करायची वेळ होती, दोघांनाही ते ठाऊक होतं, आणि दोघांनीही केलं नाही. होडीखाली पाण्याचा आवाज बदलला. आधी ते नुसतं चुबकत होतं, आता फळ्यांखालून सळसळत निघालं. एक मूल ओरडलं, मग सगळीच ओरडली. वस्तीकडे परत चाललेल्या दुधाच्या रिकाम्या कॅन एकमेकींवर आपटायला लागल्या.

"काका, जरा सावकाश," अध्यक्ष म्हणाला. "मला पोहता येत नाही."

"म्हणून तर ट्यूब दिलीय," सिस्टर म्हणाली. बोलायला लागल्यामुळे तिचा श्वास चुकला. तो सांभाळायला तिला एक ओढ अर्धी सोडावी लागली. टाकी जरा सरकली. लाइनमन थांबला नाही, सैल पडला नाही. पुढच्या ओढीला तिने ती परत आणली.

खडक आला आणि गेला. बगळा या वेळी उडाला.

होडी वस्तीच्या उतारावर इतक्या जोरात चढली की दप्तरं पुढे सरकली. काठावर न्यायला कुणी आलेलं नव्हतं. घरांतून धूर निघत होता, दुरून कुणीतरी गुरांना हाका मारत होतं. मुलं उतरून, इतक्या लवकर आल्याचं काय करायचं ते न कळून, पाण्यात दगड मारत उभी राहिली. मोठी तेवढी मागे वळली.

"आजी, सकाळी आजोबांनी पण असंच मारलं. दोन्ही वल्ही. एकट्यानेच."

"हो का?" सिस्टर म्हणाली. "मला वाटलं, तू मारलंस."

लाइनमन एकदम वाकून दोराची गाठ बघायला लागला.

अध्यक्षाने ट्यूब काढायचा प्रयत्न केला. ती अडकली. सिस्टरने त्याला हात वर करायला लावले आणि डोक्यावरून ओढून काढली.

"दुसऱ्यांदा काढलं तुला," ती म्हणाली.

तो हसला, मग हसू आवरून त्याने विचारलं, "पण हे आधी का नाही केलंत? मी उगाच ठेकेदाराला बोलावून बसलो."

लाइनमनने दोराची गाठ आणखी आवळली. मांडीवरचा मोबाइल अध्यक्षाने केव्हातरी खिशात ठेवला होता, तो पुन्हा काढला नाही. "सकाळीही असंच येणार असाल तर त्याला नाही म्हणून सांगतो," तो म्हणाला.

"सकाळी थोडा वारा असतो," लाइनमन म्हणाला. "पण येऊ."

अध्यक्षाची वस्तीवर बैठक होती, तो वर गेला. त्याला वस्तीवरचं कुणीतरी रात्री गाडीने लांबच्या रस्त्याने पोचवणार होतं. मुलंही एकेक करून पांगली.

दोघं रिकाम्या होडीत बसून राहिले. सिस्टरने तळहात उघडले. दोन फोड आले होते, एक फुटला होता. तिने पिशवीतून मलम काढलं. त्याने न मागताच आपला हात पुढे केला. त्याच्याही हाताला फोड होते, तिच्यापेक्षा एक जास्तच. तिने आधी त्याला लावलं. मग त्याने मलमाच्या नळीतून थोडं काढून तिच्या हाताला लावलं, जखमेच्या भोवतीने, वायरचं टोक सोलताना हात लावायचा तसा जपून.

"दुखतंय?" त्याने विचारलं.

"हो," ती म्हणाली. "तुमचं?"

"हो."

पाण्यावर उजेड अजून होता. त्याने दोन्ही वल्ही मांडीवर आडवी घेतली आणि पात्यांवरून अंगठा फिरवला, आधी आपल्या, मग तिच्या. बराच वेळ फिरवत राहिला.

"उद्या जरा सुताराकडे जाऊन यायला हवं मला," तो पाण्याकडे बघत म्हणाला.

"कशाला?"

"असंच. पातं जरा... कडा कुजल्या होत्या ना तेव्हा."

"मी सांगून आलेय त्याला. रुंद करायला."

तो वळला. "कुणाचं?"

"दोन्ही."

अंगठा पात्यावर थांबला. दूर गावाच्या काठावर टाकीखालचा दिवा लागला. त्याने तिचं वल्हं तिच्या हातात दिलं, आपलं उचललं, पातं पाण्यावर धरलं आणि तिच्या वल्ह्याची वाट पाहत थांबला.